वायर म्हातारी होते तेव्हा

विमानात उंदीर दिसला म्हणून उड्डाण रद्द झाले, अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. वाचणाऱ्याला हसू येते. दीडदोनशे माणसे विमानतळावर ताटकळत बसलेली आणि कारण काय, तर एक उंदीर! पण उंदीर सापडला तरी अभियंते विमान लगेच सोडत नाहीत. उंदीर पकडणे हे निम्मेच काम असते. तो जिथे जिथे फिरला असेल तिथल्या वायरी शाबूत आहेत ना, हे पाहणे हे उरलेले निम्मे काम, आणि तेच जास्त वेळखाऊ असते.

राहाता परिसरातल्या शाळांना विमान आता नवलाचे राहिलेले नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. तो आहे शेजारच्या कोपरगाव तालुक्यातील काकडी गावी, पण राहात्याच्या पेरूच्या बागांतून दिसणारी विमाने मुलांच्या ओळखीची झाली आहेत. पंख विमानाला कसे उचलून धरतात, इंजिन कसे ढकलते, हे प्रश्न मुले विचारतात आणि त्यांची उत्तरे पुस्तकात सापडतात. वायरींबद्दल मात्र कोणी विचारत नाही. खरे म्हणजे बरीच वर्षे विमानाच्या अभियंत्यांनीही तो प्रश्न पुरेशा गंभीरपणे विचारला नव्हता. तो विचारायला लागल्यावर काय आढळले आणि तपासणी सक्तीची का करावी लागली, ते या लेखात आपण पाहू.

राहात्यापासून मनमाडपर्यंत

बोईंग ७३७ हे मध्यम आकाराचे विमान. त्यातल्या सगळ्या वायरी सोडवून एकापुढे एक जोडल्या तर सुमारे साठ किलोमीटर लांबी भरते. राहात्यात एक टोक धरले तर दुसरे मनमाडच्या आसपास पोहोचेल. बोईंग ७४७ सारख्या मोठ्या विमानातल्या वायरी जवळजवळ मुंबई गाठतील. हे सगळे जाळे भिंतीच्या आत, छताच्या वर, पायाखाली, पंखांत आणि चाकांच्या कप्प्यांत जुड्या बांधून बसवलेले असते. एकेका जुडीत कधी चार, तर कधी शंभराहून अधिक वायरी असतात.

विमानात दोन प्रकारची वीज खेळते. एक २८ व्होल्टची एकदिश वीज आणि दुसरी ११५ व्होल्टची प्रत्यावर्ती वीज. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. विमानातली साधारणपणे ४०० करते. आवर्तने वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींच्या लोखंडी गाभ्याला कमी लोखंड पुरते आणि वजन वाचते. विमानात वजन वाचवणे हा सर्वांत मोठा हट्ट असतो, आणि वायरींच्या आवरणाची गोष्टही याच हट्टापासून सुरू होते.

आपल्या घरातल्या वायरीवर पीव्हीसीचे जाड आवरण असते. विमानात तेवढे जाड आवरण परवडत नाही. १९७० च्या दशकात पॉलिइमाइड नावाच्या बहुवारिकाचे आवरण पुष्कळ विमानांत वापरात आले. कॅप्टन या व्यापारी नावाने ते ओळखले जाते. ते कागदासारखे पातळ, हलके, चिवट आणि दोनशे अंश सेल्सिअसची उष्णता सहज सोसणारे होते. इतके गुण एकत्र असलेला पदार्थ मिळाल्यावर अभियंते खूष झाले. त्याचे दोष कळायला पुढे दहापंधरा वर्षे लागली.

वायर झिजते कशी?

वायरीत हलणारा भाग नाही. मग ती झिजेल कशाने? याचे उत्तर बोअरवेल असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी मिळेल. पाण्यातल्या मोटारीची केबल केसिंग पाइपाच्या तोंडाशी कडेला टेकते. मोटर चालू-बंद होताना पाइप किंचित हलतो, केबल घासते आणि काही महिन्यांत तिचे आवरण सोलवटून निघते. म्हणून शेतकरी तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो.

विमानात हेच घडते, पण सतत. इंजिनांची कंपने उड्डाणभर थांबत नाहीत. जुडी सांगाड्याच्या कडेला, बोल्टच्या डोक्याला किंवा शेजारच्या जुडीला टेकलेली असली की प्रत्येक कंपनाला केसभर घासते. विमान पंचवीस वर्षांत साठ-सत्तर हजार तास उडते, म्हणजे केसभर घासणे किती वेळा झाले याचा हिशेब मुलांनीच करावा.

शिवाय तापमान आहे. मे महिन्यात दुपारी काकडीच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा पत्रा हात लावू देत नाही. तेच विमान अर्ध्या तासात दहा किलोमीटर उंचीवर पोहोचते, तेव्हा बाहेरची हवा उणे पन्नास अंशांच्या आसपास असते. पंखांतल्या आणि चाकांच्या कप्प्यांतल्या वायरींना हा फरक सोसावा लागतो. तांबे आणि आवरण सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे आवरणावर ताण येतो. खाली उतरताना थंड भागांवर दमट हवेतले पाणी साचते. त्यात स्वच्छतागृहातली गळती, स्वयंपाकाच्या कप्प्यात सांडलेली कॉफी, हायड्रॉलिक तेल आणि बर्फ वितळवण्याचे द्रव यांची भर पडते. पॉलिइमाइडचा एक दोष इथे उघडा पडतो. सततच्या ओलाव्याने त्याच्या लांब रेणुसाखळ्या तुटू लागतात, आवरण ठिसूळ होते आणि त्याला बारीक चिरा जातात.

राहिला माणूस. दुरुस्ती करताना एखादे भोक पाडले की धातूचा कीस खाली पडतो आणि जुडीत अडकतो. पुढे कंपनांबरोबर तो करवतीसारखे काम करतो. दुसऱ्याच कामासाठी आत शिरलेला कामगार जुडीवर पाय देतो. मऊ कपड्यांचे धागे आणि धूळ वायरींवर साचून कापसासारखा थर होतो, आणि कापूस पेटायला फार काही लागत नाही.

फ्यूज असताना आग का लागते?

इथे मुले हमखास विचारतील, की वायर उघडी पडली तर शॉर्टसर्किट होईल आणि फ्यूज उडेल. मग भीती कसली?

विमानात फ्यूजऐवजी बहुतेक ठिकाणी सर्किट ब्रेकर असतात. पूर्वापार वापरातला ब्रेकर उष्णतेवर चालतो. त्यातली द्विधातूची पट्टी प्रवाहाने तापते, वाकते आणि मंडल तोडते. पट्टी तापायला वेळ लागतो. दोन वायरी घट्ट चिकटल्या तर प्रचंड प्रवाह वाहतो आणि ब्रेकर लगेच पडतो. पण घासून उघडी पडलेली वायर धातूला घट्ट चिकटत नाही. ती कंपनाबरोबर टेकते आणि सुटते. प्रत्येक वेळी एक ठिणगी उडते आणि विझते.

एक सोपे गणित करू. ४०० आवर्तनांच्या विजेचे अर्धे आवर्तन सव्वा मिलिसेकंदाचे असते. समजा, वीस अर्ध्या आवर्तनांपैकी एकातच ठिणगी उडते आणि त्या वेळी ४० अँपियर प्रवाह वाहतो. बाकीच्या वेळेचा प्रवाह नगण्य धरू. ब्रेकरची पट्टी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तापते. ४० चा वर्ग १६००. त्याचा विसावा भाग ८०. आणि ८० चे वर्गमूळ सुमारे ९. म्हणजे ब्रेकरच्या दृष्टीने वायरीतून फक्त ९ अँपियर प्रवाह वाहतो आहे. तो जर १० अँपियरचा असेल तर त्याला काहीच बिघडलेले वाटत नाही, आणि तो पडत नाही.

इकडे ठिणगीच्या जागी मात्र काही हजार अंश तापमान असते. ४० अँपियर प्रवाह आणि ठिणगीच्या दोन टोकांत २५ व्होल्ट धरले, तर त्या क्षणी १००० वॅट शक्ती, म्हणजे घरातल्या इस्त्रीइतकी, मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत ओतली जाते. तांबे १०८५ अंशांना वितळते, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. अशा ठिणगीपुढे दोन्ही टिकत नाहीत.

पॉलिइमाइडचा दुसरा दोष याहून वाईट आहे. ठिणगीने ते जळते तेव्हा त्याचा कोळसा होतो, आणि हा कोळसा विजेचा वाहक असतो. जे आवरण वीज अडवण्यासाठी होते तेच वीज वाहून नेऊ लागते. मग ठिणगी शेजारच्या वायरीवर सरकते, तिथून पुढच्या वायरीवर, आणि क्षणार्धात सगळी जुडी जळू शकते. अमेरिकी नौदलाने आपल्या नव्या विमानांत ही वायर वापरणे १९८० च्या दशकातच थांबवले. पुढे पॉलिइमाइडच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनचा थर दिलेली वायर आली. ती हा दोष बऱ्याच प्रमाणात टाळते.

दोन अपघात

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे बोईंग ७४७ उड्डाणानंतर बारा मिनिटांनी हवेत फुटले. २३० माणसे गेली. विमान १९७१ साली बांधलेले, म्हणजे पंचवीस वर्षांचे होते. चार वर्षांच्या तपासानंतर निष्कर्ष निघाला, की मधल्या, जवळजवळ रिकाम्या इंधनटाकीत साठलेल्या वाफेचा स्फोट झाला. इंधन किती आहे हे दाखवणाऱ्या वायरी टाकीत जातात. त्यांत मुद्दाम अगदी थोडी ऊर्जा ठेवलेली असते. पण टाकीबाहेर त्या जास्त व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच जुडीतून गेलेल्या असतात. तिथे दोन्हींची आवरणे फाटून जास्त व्होल्ट टाकीत शिरले असावेत, ही तपासकांना सर्वांत संभवनीय वाटलेली शक्यता. ती खात्रीने सिद्ध करता आली नाही. तपासासाठी इतर जुनी विमाने उघडली तेव्हा मात्र तडकलेली आवरणे, धातूचा कीस आणि साचलेली घाण ठिकठिकाणी आढळली.

२ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे एमडी-११ जातीचे विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघाले होते. वैमानिकांना कक्षात विचित्र वास आला. त्यानंतर एकवीस मिनिटांत विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे गेली. कॅनडाच्या तपासकांनी समुद्रतळातून विमानाचा सुमारे ९८ टक्के भाग बाहेर काढला आणि चार वर्षांहून अधिक काळ एकेक तुकडा जुळवला. आग वैमानिक कक्षाच्या छतावर, बहुधा वायरीच्या ठिणगीने लागली आणि तिथल्या उष्णतारोधक गाद्यांच्या ज्वलनशील वेष्टणाने भडकली. ठिणगीच्या खुणा असलेली एक वायर प्रवाशांना चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रणेची होती. ही यंत्रणा विमानात मागाहून बसवलेली होती. तशा ब्रेकरांना सर्व प्रकारच्या ठिणग्या ओळखता येत नाहीत, हेही अहवालात स्पष्ट नोंदले आहे.

वायर कोणाची?

विमानात धोकादायक दोष आढळला की ज्या देशात विमानाचे आरेखन झाले तिथली नियामक संस्था ‘उड्डाणयोग्यता आदेश’ काढते. अमुक जातीच्या विमानांत अमुक जागा अमुक मुदतीत तपासा आणि दोष असेल तर दुरुस्त करा, असे त्यात लिहिलेले असते. मुदत उड्डाणाच्या तासांत, उतरण्याच्या संख्येत किंवा महिन्यांत दिलेली असते. ती उलटली तर विमान कायद्याने उडू शकत नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हे आदेश भारतातल्या त्या जातीच्या विमानांनाही बंधनकारक करते.

मे १९९८ मध्ये अमेरिकेत असा एक तातडीचा आदेश निघाला. बोईंग ७३७ च्या पंखांतील इंधनपंपाच्या वायरी टाकीतून एका नळीत घालून नेलेल्या असतात. काही जुन्या विमानांत नळीच्या आत त्यांचे आवरण घासून गेलेले आढळले. ५० हजार तासांहून अधिक उडालेल्या विमानांना तपासणी होईपर्यंत जमिनीवर थांबवण्यात आले. स्विसएअर अपघातानंतर २००० साली त्या ज्वलनशील वेष्टणाच्या गाद्या काढून टाकण्याचा आदेश निघाला.

पण एकेक जागा शोधून आदेश काढत राहणे पुरेसे नव्हते. मूळ अडचण विचारसरणीत होती. तोपर्यंत दिव्याची वायर हा दिव्याचा भाग होता आणि पंपाची वायर हा पंपाचा. दिवा लागतो ना, मग वायर ठीक आहे, असे समजले जाई. एका जुडीत शेजारी शेजारी राहणाऱ्या वायरी एकमेकींना काय करतात, हे पाहणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. २००७ सालच्या अमेरिकी नियमांनी हे बदलले. वायरी, जोड, पकडी, आवरणे हे सगळे मिळून विमानाची एक स्वतंत्र प्रणाली मानली गेली. इंजिनासारखे तिलाही स्वतःचे देखभालीचे वेळापत्रक मिळाले. विमानाचे विभाग पाडायचे, कोणत्या विभागात ओल, उष्णता, कंपन किंवा पेटणारा पदार्थ आहे ते ठरवायचे आणि त्यानुसार तपासणी किती वेळाने व किती बारकाईने करायची ते लिहून ठेवायचे, अशी ही पद्धत आहे.

तपासणी कशी करतात?

नागपूरला मिहान प्रकल्पात एअर इंडियासाठी बोईंगने बांधलेले मोठे देखभाल केंद्र २०१५ साली सुरू झाले. अशा केंद्रात मोठ्या तपासणीसाठी विमान येते तेव्हा त्याच्या खुर्च्या, भिंतींचे पत्रे आणि जमिनीच्या फळ्या काढतात. एरवी झाकलेल्या वायरी तेव्हाच दिसतात. मुख्य साधने म्हणजे विजेरी, छोटा आरसा आणि तयार नजर.

ही नजर काय पाहते, ते नियमांत दिलेले आहे. जुडीला धरणाऱ्या दोन पकडींत साधारण ६० सेंटिमीटरहून जास्त अंतर नसावे. हाताने हलके दाबल्यावर जुडी सव्वा सेंटिमीटरहून जास्त झुकू नये. जुडी वाकवताना वळणाची त्रिज्या सर्वांत जाड वायरीच्या व्यासाच्या दहापट तरी असावी. जोडणीकडे जाण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी जोडणीत न जाता झोळातून ठिबकून जाते. कुठेही काम झाले की तिथला कीस आणि धूळ लगेच काढावी.

दुरुस्तीचेही शास्त्र आहे. तुटलेली वायर जोडताना झाळण्याऐवजी धातूच्या नळीत दाबून जोड देतात. झाळलेले कथील तांब्याच्या तारांमध्ये शिरून तेवढा भाग कडक करते आणि कंपनांनी वायर बरोबर त्या कडक भागाच्या कडेला तुटते. एका जुडीतले अनेक जोड एकाच ठिकाणी येऊ देत नाहीत. ते पुढेमागे ठेवतात.

डोळ्यांना मर्यादा आहेत. जुडीच्या पोटातली वायर दिसत नाही, आणि ठिसूळ झालेली जुडी उलगडायला जावे तर तपासणीच नवी चीर पाडते. म्हणून गरजेशिवाय वायरींना हात लावू नये, असाही नियम आहे. अशा वेळी प्रतिध्वनीचे तत्त्व उपयोगी पडते. वायरीत विजेचा सूक्ष्म स्पंद सोडायचा. जिथे वायर तुटली किंवा खराब झाली असेल तिथून त्याचा काही भाग परत फिरतो. स्पंद एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर जातो असे धरू. तो ९० नॅनोसेकंदांनी परतला तर एकूण १८ मीटर गेला, म्हणजे दोष ९ मीटरवर आहे. ठिणगीचा वेडावाकडा प्रवाह ओळखून पडणारे नवे ब्रेकरही आता तयार झाले आहेत.

एका इंचाचा वाद

सक्ती किती ताणावी, हा प्रश्न एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेत उभा राहिला. एमडी-८० जातीच्या विमानांत चाकाच्या कप्प्यातील एका हायड्रॉलिक पंपाच्या वायरी कशा बांधाव्यात, याचा आदेश २००६ साली निघाला होता. बांधण्याच्या गाठी किती अंतरावर असाव्यात, इथपर्यंत सूचना होत्या. अंतर होते एक इंच. अमेरिकन एअरलाइन्सची विमाने पुन्हा तपासली तेव्हा काही ठिकाणी हे अंतर आणि बांधणीची पद्धत आदेशाबरहुकूम नव्हती. कंपनीने सुमारे ३०० विमाने थांबवली, काही दिवसांत ३ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि लाखो प्रवासी अडकले. गाठ एक इंचाऐवजी सव्वा इंचावर असली म्हणून विमान पडते काय, असा सवाल पुष्कळांनी केला.

सवाल गैर नाही. सव्वा इंचाने विमान पडत नाही. पण तपासणाऱ्याने आपल्या मताने सव्वा इंच चालवून घेतला, तर पुढचा दीड इंच चालवतो आणि त्यापुढचा मोजतच नाही. घासण्याची सुरुवात तिथेच होते, आणि वर पाहिल्याप्रमाणे तिची खबर ब्रेकर देत नाही. दिवा शेवटच्या दिवसापर्यंत लागत असतो. ज्या दोषाची आधी काहीच चाहूल लागत नाही, त्याच्यापुढे ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मापाने केलेली तपासणी हाच उपाय उरतो. प्रवाशांचे हाल मात्र टाळता आले असते. आदेश पाळायला कंपनीला जवळजवळ दीड वर्ष मिळाले होते. त्या काळात काम मापानुसार झाले असते, तर विमाने एकदम थांबवावी लागली नसती.

वर्गात आणि शाळेत

या विषयावर एक सोपा प्रयोग करता येईल. बारीक तारांची, आवरण असलेली वायर घ्यावी. ती कशालाही जोडलेली नसावी. एक तुकडा टेबलाच्या कडेवर पुन्हा पुन्हा वाकवावा, दुसरा जाड पेन्सिलीभोवती. किती वेळा वाकवल्यावर आतल्या तारा तुटतात ते दोन गटांनी मोजावे. घंटी किंवा छोटा बल्ब आणि सेल जोडून तार तुटल्याचा क्षण पकडता येतो. दहापट त्रिज्येचा नियम मग पाठ करावा लागत नाही.

दुसरे काम शिक्षकांनी करायचे आहे. अनेक शाळांत वायरिंग जुने आहे आणि त्यावर संगणक, प्रोजेक्टर, पंखे यांचा भार मागाहून चढला आहे. संगणक सुरू होतात म्हणून वायरिंग ठीक आहे असे आपण समजतो, आणि विमानांच्या बाबतीत हीच समजूत महागात पडली. एक वही करावी. वर्षातून एकदा, शाळा उघडण्यापूर्वी, परवानाधारक तारतंत्र्याकडून मेन बंद करून तपासणी करून घ्यावी. कोणती खोली, काय आढळले, काय बदलले, पुढची तारीख कोणती, हे त्यात लिहून खाली सही घ्यावी. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणी जाड तार बांधली असेल तर तीही नोंद व्हावी. काही वर्षे या वहीत ‘दोष नाही’ एवढेच लिहिले जाईल आणि हा खर्च कशाला, असे कोणीतरी विचारेल. त्या वेळी ४० अँपियरचे गणित फळ्यावर मांडून दाखवावे.